दारू सोडताना पहिले पाच दिवस



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे आणि तो आमच्याच एका चुकीतून निघाला आहे. मागल्या गळीत हंगामात आमच्या गटातील एका सभासदाने ग्रामदैवतापुढे दारू सोडण्याची शपथ घेतली. सकाळी उठून घोट घेतल्याखेरीज त्यांच्या हातात कपबशी ठरत नसे. आम्ही त्यांना शाबासकी दिली, "मन घट्ट करा, आजपासून थेंब नको" असे बजावले आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या फडावर गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अंगणात कोसळले, हातपाय झाडू लागले. घरच्यांनी कांदा फोडून हुंगवला, चप्पल नाकाला लावली. बाहेरचे काहीतरी आहे म्हणून देवऋषाकडे न्यायची तयारी चालली होती. शेजारच्या पोराने १०८ ला फोन केला म्हणून गडी वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "एकदम बंद करायला कोणी सांगितलं यांना?" आम्ही मान खाली घातली.

ज्याला सणासुदीला घेण्याची सवय आहे, त्याने आज सोडली तरी शरीर तक्रार करीत नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची गोष्ट निराळी. दारू मेंदूला मंद करते. तिच्याविरुद्ध काम चालू ठेवण्यासाठी मेंदू नेहमीपेक्षा जास्त जोर लावायला शिकतो. उसाने भरलेली गाडी चढाला लागली की बैल सारे बळ लावून ओढतात. अशा वेळी मागचे ओझे एकदम सुटले तर बैल तोंडावर पुढे जातात. दारू अचानक थांबली की मेंदूचे तसेच होते. यात मनाच्या कमकुवतपणाचा संबंध नाही, हे घरच्यांनी आधी ध्यानात घ्यावे.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, जीव घाबरा होतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चढताहेत, दारात माणसे उभी आहेत असे दिसते. दिवस-रात्र कळत नाही, अंग तापते. यालाच लोक 'वेड लागले' म्हणतात. वेळेवर उपचार न झाल्यास यात माणूस दगावू शकतो. बहुतेकांचा जोर पाच ते सात दिवसांत ओसरतो. झोप मात्र पुढे काही आठवडे कच्चीच राहते, त्याने घाबरू नये.

म्हणून आमचे सांगणे असे की आधी डॉक्टर, मग तारीख. सकाळी उठताच दारू लागते, पूर्वी कधी फिट आली आहे, कावीळ झाली आहे किंवा वय झाले आहे, अशा माणसाने घरी प्रयोग करू नये, दाखल व्हावे. आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत आपल्या मनाने एकदम बंदही करू नये. डॉक्टर शामक गोळ्या देतात आणि दिवसागणिक कमी करीत आणतात. या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नयेत. त्यांवर दारू घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आपल्याकडे दवाखान्यात गेले की "सलाईन लावा" हा आग्रह असतो. सदर बाबतीत तो अंगाशी येऊ शकतो. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. ते न देता साखरेचे सलाईन चढवले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना किती वर्षे आणि रोज किती, हे खरे सांगावे. अर्धे सांगितले तर औषधही अर्धेच पडते.

दुसरी एक गोष्ट भगिनींसाठी. 'न सांगता दारू सोडवा' म्हणून पुड्या विकल्या जातात. त्यांत काय असते हे विकणाराही सांगत नाही. दारूशी न जमणारे औषध नकळत जेवणात गेले आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस हातचा जातो. नवऱ्यावरच्या मायेने केलेली गोष्ट जन्माचा घोर लावून जाईल.

डॉक्टरांनी घरी राहायला परवानगी दिली तर माणसाला खोलीत कोंडू नये. रात्री कोणीतरी जागे आणि जवळ असावे; पाळी लावून घ्यावी, जशी पाण्याची लावतो. पेज, ताक, मुगाची खिचडी थोडी थोडी द्यावी. पहिला आठवडा विहीर, मोटारीचा स्टार्टर, ट्रॅक्टर आणि फवारणीचे औषध यांपासून लांब ठेवावे. फिटचा धोका असतो तसा मन खचण्याचाही असतो. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. जुनी उणीदुणी या आठवड्यात काढू नयेत, त्यांना पुढे सवड आहे. उसाचे बिल जमा होणार असेल तर पासबुक कोणाकडे ठेवायचे ते त्यांच्याच संमतीने आधी ठरवावे. तलफ येते तेव्हा आता ती जाणारच नाही असे वाटते, पण बहुधा अर्ध्या तासात ती उतरते. तेवढा वेळ गप्पा माराव्यात, गोठ्यापर्यंत चालवून आणावे.

सोबतीचे हे महत्त्व नवे नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा गृहस्थ धंद्याच्या कामाला गेला होता. दारू सुटून काही महिने झालेले, आणि हॉटेलात एकटा असताना तलफ आली. गुत्त्याकडे न वळता त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो सापडला तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब स्मिथ. १० जून १९३५ रोजी डॉक्टरने शस्त्रक्रियेपूर्वी हात थरथरू नयेत म्हणून बिअर घेतली, आणि ती शेवटची ठरली. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना तो दिवस आपला जन्मदिवस मानते. तिच्या सभा आपल्या राज्यातही भरतात, फी नाही, नावगाव विचारत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढाच त्यांचा करार. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे पाठबळ मिळाले होते. शासनाचा विनामूल्य दूरध्वनी १४४४६ हा आहे.

देशी दारूचे स्पिरिट उसाच्या मळीतूनच निघते. तेव्हा कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारू नये.

आमच्या त्या सभासदांनी नंतर दवाखान्यात राहून दारू सोडली. मध्ये एकदा घसरले, पुन्हा गेले. आता यंदाच्या लागणीची नोंद त्यांनी स्वतः येऊन केली. तोडीची पाळी चुकेल या भीतीने ते पहिल्या वेळी दवाखाना टाळत होते, असे त्यांनी तेव्हा सांगितले. तरी अशा कारणाने कोणी उपचार पुढे ढकलू नये. गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे 'दवाखान्यात आहे' एवढाच निरोप ठेवावा. कसला दवाखाना, हे आम्ही विचारणार नाही.