व्यापार मोजताना कुंपण कुठे घालावे?

पेणहून गणपतीच्या मूर्ती बाहेर जातात, शाडूची माती गुजरातेतून येते. एक वस्तू द्यावी, दुसरी घ्यावी. रिकार्डोच्या सिद्धांतातला व्यापार असाच आहे. पण रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतले कारखाने रसायनेच विकत आणतात आणि रसायनेच विकतात. एकाच उद्योगातल्या मालाच्या अशा दुहेरी देवघेवीला उद्योगांतर्गत व्यापार म्हणतात.

तो मोजण्याचे सूत्र ग्रुबेल आणि लॉईड यांच्या १९७५ च्या ग्रंथामुळे रूढ झाले. विक्री व खरेदी यांच्यातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागावे आणि उत्तर १ मधून वजा करावे. समजा, रोह्याने १०० लाखांची रसायने विकली आणि ६० लाखांची आणली. निर्देशांक ०.७५ येतो. आता याच आकड्यांची फोड करू. रंगद्रव्ये ९० विकली, १० आणली. आम्ले १० विकली, ५० आणली. दोन्ही गटांचे निर्देशांक वेगळे काढून उलाढालीच्या प्रमाणात सरासरी घेतली, तर उत्तर केवळ ०.२५! माल तोच, टेम्पो तेच. बदलली ती फक्त वर्गवारी.

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. निर्देशांक मोठा असेल तर बाहेरची स्पर्धा वाढली तरी कामगार त्याच उद्योगात दुसरीकडे सामावला जातो, असे मानण्याची प्रथा आहे. ०.७५ वर विसंबून कोणी तसे म्हणेल. परंतु आम्लाच्या कारखान्यातला माणूस रंगद्रव्याच्या कारखान्यात उद्या उभा राहील, हे मला पटत नाही.

प्रदेशाच्या सीमेचेही तेच. हमरापूर-जोहे भागातून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती पेण शहरातल्या कारखान्यात आल्या (आमच्याकडे मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात) आणि रंगून मुंबईला गेल्या, असे धरू. शहर हा प्रदेश मानला, तर मूर्ती येतात आणि मूर्तीच जातात. तालुका मानला, तर येणे हिशेबातून नाहीसे होते. शिवाय हा खरा दुहेरी व्यापार नाहीच. एकाच कामाचे ते दोन टप्पे आहेत.

२०१८ पासून मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलात मालाचा संकेतांक आणि दोन्ही ठिकाणांचे पिनकोड असतात. त्यांवरून तालुक्यापर्यंतचा हिशेब मांडता येईल. मात्र ठरावीक रकमेखालच्या मालाला हे बिल लागत नाही. धाटावचा टँकर त्यात सापडेल. हमरापूरच्या छोट्या टेम्पोसाठी कारखानदारांच्या वह्याच उघडाव्या लागतील.