बावन्न दरवाजांचे शहर

शनिवारी पहाटे आम्ही हिंगोलीहून एस. टी. ने निघालो. औंढा मागे पडले, जिंतूर आले आणि चांगले उजाडले. माझी बारा वर्षांची भाची खिडकीपाशी बसली होती. ज्या शहरी आम्ही निघालो होतो, त्याला सभोवार कोट असून बावन्न दरवाजे आहेत, असे तिने पुस्तकात वाचले होते. ते शहर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. २०२३ साली त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले. दुरूनच काळाभोर तट दिसेल, त्यावर बुरूज असतील आणि आपली गाडी एखाद्या प्रचंड वेशीतून आत शिरेल, अशी तिची ठाम समजूत होती.

जालना गेले. पुढे कारखाने लागले, दुकाने लागली, गर्दी लागली.

"मामा, कोट केव्हा लागणार?" तिने विचारले.

"अगं, आपण केव्हाच शहरात आलो!" मी म्हणालो. तिचा चेहरा पार उतरला.

दुपारी आम्ही प्रथम भडकल दरवाजा पाहिला. दगडी, भक्कम आणि उंच. भोवती वाहनांची वर्दळ चालू होती. भाचीने त्याला प्रदक्षिणा घातली आणि ती म्हणाली, "दार आहे, पण भिंत कोठे आहे? मग हे लावायचे कोणासाठी आणि उघडायचे कोणासाठी?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. हा दरवाजा बांधला गेला तेव्हा येथे कोट नव्हताच! मोगलांवर मिळविलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबराने तो १६१२ साली उभारला. कोट झाला तो त्यानंतर सत्तर वर्षांनी.

हा मलिक अंबर कोण? आफ्रिकेतील हबसाण देशात तो जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहाती विकला जात दक्षिणेत येऊन पोहोचला. ज्याच्यावर स्वतःची अशी काहीच सत्ता नव्हती, तो मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. शहाजीराजे भोसले १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. खडकी नावाच्या लहानशा गावाच्या जागी त्याने १६१० साली नवे नगर वसविले. तेच हे शहर.

तो १६२६ साली वारला. पुढे औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना येथे राहिला आणि नगराला त्याचे नाव मिळाले. १६८२ साली तो बादशहा म्हणून सारे सैन्य घेऊन दक्षिणेत उतरला. मराठे केव्हा आणि कोठून येतील, याचा भरवसा नव्हता. तेव्हा त्याने शहराभोवती कोट घातला. उत्तरेस दिल्ली दरवाजा, दक्षिणेस पैठण दरवाजा, पश्चिमेस मकाई दरवाजा, पूर्वेस जालना दरवाजा हे चार मुख्य; बाकीचे लहानमोठे. दिल्लीची वाट ज्या दिशेला, त्या दिशेच्या दरवाजाला दिल्लीचे नाव, पैठणचेही तसेच. नावे ठेवण्याची ही रीत मला फार आवडते. वाटसरूला वेगळी चौकशी करावी लागत नाही.

सायंकाळपर्यंत आम्ही पायीच हिंडलो. मकाई दरवाजाखालून अजून रहदारी चालते. खाम नदीवरचा त्याचा पूल अरुंद आहे. कोटाचे तुकडे मात्र मोजकेच उरले आहेत. शहर वाढले, रस्ते रुंद झाले आणि तट जागोजागी पाडला गेला.

रात्री जेवताना भाचीने विचारले, "जगात अख्खा कोट कोठेच उरला नाही काय?"

मी तिला इंग्लंडातील यॉर्क शहराची गोष्ट सांगितली. तेथील तट सुमारे दोन मैल लांब असून लोक त्यावरून फिरावयास जातात. गंमत अशी की, तेथे जुन्या रस्त्यांच्या नावांत 'गेट' हा शब्द येतो आणि दरवाजाला मात्र 'बार' म्हणतात! १८०० च्या सुमारास तेथील नगरसभेनेही तट पाडावयाचे ठरविले होते. वेशी अरुंद, डागडुजीचा खर्च मोठा, ही त्यांची कारणे. काही भाग पडलाही. परंतु नागरिकांनी विरोध केला आणि बराचसा तट वाचला.

"मग आपल्या लोकांनी विरोध का केला नाही?"

अलीकडे काही दरवाजांची दुरुस्ती झाली आहे, एवढेच मी तिला सांगितले. ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे आम्हां दोघांनाही कळले.

रविवारी सकाळी आम्ही पाणचक्कीवर गेलो. एका उंच भिंतीवरून पाणी धबधब्यासारखे हौदात पडत होते.

"पंप कोठे आहे?" भाचीने विचारले.

पंप नाहीच! दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी, जमिनीखालून येथे आणले होते. झरा या भिंतीहून उंचावर आहे. बंद नळातले पाणी आपल्या मूळच्या पातळीला पोहोचू पाहते. म्हणून ते भिंतीत आपोआप वर चढते. नळात कोंडलेली हवा आणि पाण्याचा दाब कमी व्हावा, यासाठी वाटेत ठिकठिकाणी चुनेगच्ची मनोरे बांधले होते. पडत्या पाण्याच्या जोराने लोखंडी पाती फिरत, त्यांच्याबरोबर वरचे जाते फिरे आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. ही चक्की अठराव्या शतकातील. पण जमिनीखालून पाणी आणण्याची ही युक्ती येथे मलिक अंबराने आधीच करून दाखविली होती. डोंगरात झिरपलेले पाणी त्याने नहर खोदून शहरातील हौदांपर्यंत आणले होते.

आमच्या हिंगोलीची कयाधू उन्हाळ्यात कशी आटते, हे भाचीने पाहिले आहे. ती बराच वेळ हौदाच्या काठावर बसून राहिली. "मामा, आधी पाणी आणले आणि मग कोट बांधला?" तिने विचारले.

"होय. कोट औरंगजेबाचा, पाणी मलिक अंबराचे."

"शत्रूने वेढा घातला असता, तर जमिनीखालचे नळ त्याला दिसले असते काय?"

"वरच्या मनोऱ्यांवरून शोध लागला असता," मी म्हणालो. ती पुन्हा विचारात पडली.

बीबीका मकबरा पाहण्यास जेमतेम तासभर मिळाला. खाली संगमरवर, वर घुमट संगमरवरी, मधे बराचसा चुन्याचा गिलावा, एवढे भाचीने हात लावून आणि मान उंच करून पाहून घेतले. तोवर गाडीची वेळ झाली. दिल्ली दरवाजा आतून पाहावयाचा राहिला, म्हणून जालना येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.