जाळीचं जॅकेट की वॉटरप्रूफ?

प्रश्न : लालबागहून रोज बाइकने फोर्टला जातो, पावसाळ्यात कधी रविवारी माळशेज घाट. एकाच जॅकेटमध्ये भागेल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : भागेल, पण जाळीचं घ्या. मुंबईत पावसाचे महिने चार, घामाचे जवळजवळ बारा. पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट मे महिन्यात परळच्या सिग्नलला सोसवत नाही. मग ते खुंटीवरच राहतं.

जाळीच्या जॅकेटबरोबर बऱ्याचदा आतून लावायचं रेन लायनर येतं. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, वाऱ्याने अंग गारठतं, आणि सर आली की हिंदमाताला पुलाखाली थांबून आधी जॅकेट उतरवायचं! त्यापेक्षा जॅकेटवरून चढेल असा भडक रंगाचा, एक माप मोठा रेनकोट सॅकमध्ये ठेवा. घाटातल्या धुक्यात तो उठून दिसतो, वाराही अडवतो.

पैसे घालायचे ते पॅडवर. खांदे-कोपरांच्या पॅडवर ‘ईएन १६२१-१, लेव्हल २’ ही खूण बघा. पाठीला अनेकदा नुसता फोम असतो. तिथे १६२१-२ मानकाचा पॅड बसवून घ्या. दुकानात हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बघा. पॅड कोपरावरून सरकला, तर ते माप तुमचं नाही.