घराभोंवतालचे सर्प व त्यांचा बंदोबस्त

मृगाचा पाऊस पडून तरवा वर येऊं लागला कीं, तेरेखोलच्या कांठच्या आमच्या बांदें पंचक्रोशींत सापांची भीति वाढते. बिळांत पाणी शिरतें, उंदीर व बेडूक घराच्या आश्रयास येतात आणि त्यांच्यामागोमाग सापहि येतो. तो माणसास चावण्यासाठीं येत नाहीं. भक्ष्य व आडोसा या दोनच गोष्टींसाठीं येतो. सबब, या दोन गोष्टी घराजवळ मिळूं न देणें हाच त्याचा खरा बंदोबस्त होय.

केवळ मारण्यानें काय साधतें, याचा अनुभव कोंकणास जुना आहे. १८६२ सालच्या डिसेंबरांत रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारनें फुरशांवर बक्षीस लाविलें, तेव्हां थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक फुरशीं मारिलीं गेलीं. तरीहि आज सड्यावर व काजूच्या बागांत फुरसें आहेच. धामणीसारखा बिनविषारी साप तर उंदीर खाऊन भाताचें रक्षण करितो. त्यास मारणें म्हणजे आपलाच बिनपगारी राखणदार मारणें होय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग, घोणस, धामण इत्यादि सापांना संरक्षण दिलेलें असून त्यांना मारणें हा गुन्हा आहे.

विषारी सापांपैकीं चार प्रत्येकानें ओळखावे. नाग फणा काढितो. मण्यार काळसर असून तिच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. ती रात्रीं फिरते. घोणस जाड असून तिच्या पाठीवर सांखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात व ती मोठ्यानें फूत्कार करिते. फुरसें लहान असतें. तें अंगाचे वळसे एकमेकांवर घांसून खरखर आवाज करितें.

पावसाळ्यापूर्वीं पुढील उपाय योजावे :

१. घराला लागून असलेल्या जांभ्या दगडांच्या गडग्यांतील व जोत्यांतील भोंकें बुजवावीं. सुटे दगड अंगणापासून दूर न्यावे.

२. गवताची उडवी, जळण व सोडणांचा ढीग घरापासून लांब ठेवावा. त्यांत एकदम हात घालूं नये. प्रथम काठीनें हलवावें.

३. भात व कोंबड्यांचें खाद्य झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें. उंदीर हटला म्हणजे सापहि हटतो.

४. जमिनीवर निजूं नये. खाट वापरून मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं खोंचाव्या. मण्यार निजलेल्या माणसासच बहुधा चावते.

५. रात्रीं बॅटरी व काठी घेतल्यावांचून बाहेर पडूं नये. गवत कापतांना व बोंडू वेंचतांना पायांत उंच बूट असावे.

साप घरांत आलाच, तर मुलें व गुरें दूर करून लांबूनच त्यावर नजर ठेवावी व वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

आतां दंशाविषयीं. चावणारा साप पुष्कळदां बिनविषारी असतो, आणि विषारी सापहि कित्येकदां दंशांत विष सोडीत नाहीं. असा माणूस कशानेंहि बरा होतो व श्रेय मंत्रास जातें. ज्यास खरी विषबाधा झाली, तो मात्र तेवढ्या वेळांत हातचा जातो. म्हणून जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आवळूं नये. अंगठी, बांगड्या काढाव्या, तो अवयव फळीस बांधून स्थिर ठेवावा, रोग्यास चालूं देऊं नये व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालय गांठावें.

मण्यारीच्या दंशानें वेदना किंवा सूज बहुधा होत नाहीं. पहांटे पोटांत दुखूं लागून पापण्या जड होतात. अशा वेळीं अपचन समजून थांबूं नये. घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठत नाहींसें होतें. डॉक्टर थोडें रक्त कांचेच्या नळींत २० मिनिटें ठेवून तें पाहतात. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारें प्रतिविष या चारहि सापांवर एकच आहे. तेव्हां साप शोधून मारून नेण्यांत वेळ दवडण्याचें कारण नाहीं.

नागपंचमीस आपण नांगर धरीत नाहीं, जमीन खणीत नाहीं. तसाच मृगापूर्वींचा एक दिवस प्रत्येक घरानें गडगा, उडवी व कोठार पाहण्यास द्यावा. त्या एका दिवसानें घरचें माणूस वांचेल व सापहि आपल्या वाटेनें जाईल.