चैत्यगृहात नेहमी काय असतेच?

तळा, जि. रायगड

चि. सोनूस,

तुझा सराव-पेपर पाहिला. गणितात तू पक्की आहेस. बुद्धिमत्ता चाचणीतल्या ‘अमुक गोष्टीत नेहमी काय असतेच?’ या प्रश्नांत मात्र मार्क गेलेत, आणि सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत. ‘शाळा’ वाचून तू इमारतीवर खूण केलीस, ‘लग्न’ वाचून मंडपावर. डोळ्यांपुढे आधी उभं राहिलं, तेच उत्तर धरलंस.

आपल्या कुड्याच्या बौद्ध लेण्यांवर हाच प्रश्न घालून बघ. चैत्यगृहात, म्हणजे लेण्यातल्या पूजेच्या दालनात, नेहमी काय असते? पर्याय: बुद्धमूर्ती, शिलालेख, भिक्खू, स्तूप. सहाव्या लेण्यात दर्शनी हत्ती आणि बुद्धमूर्ती पाहिलेला माणूस मूर्ती म्हणेल. पण त्या मूर्ती पुढच्या काळात कोरल्या. लेणी खोदली गेली तेव्हा पूजा स्तूपाचीच होती. शिलालेख मला स्वतःला फार प्रिय आहेत. वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी अशा साध्या माणसांची दानं त्यांत नोंदलेली आहेत. तरी लेख नसलेलं चैत्यगृह असू शकतं. भिक्खू तर केव्हाच गेले. उरला स्तूप. तो काढलास तर राहील नुसती खोदलेली खोली.

म्हणजे पर्याय एकेक करून मनातून काढायचा आणि वस्तू टिकते का ते बघायचं. टिकली, तर तो पर्याय बाद. एकच खरा अपवाद सापडला तरी पुरे. ‘बहुतेक वेळा असतं’ याला इथे किंमत नाही.

किल्ल्याचा प्रश्न थोडा अवघड. पर्याय: राजा, तोफ, सैन्य, तटबंदी. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवरायांनी 23 किल्ले मोगलांना दिले. धनी बदलले, किल्ले किल्लेच राहिले. महाराजांकडे उरलेल्या 12 किल्ल्यांत आपला तळगड होता. आज तिथे शिबंदी नाही, तरी आपण त्याला गडच म्हणतो. तोफा येण्याआधीही किल्ले होतेच. राहिली तटबंदी. आता तू म्हणशील, त्याच 12 मधल्या लिंगाण्याचं संरक्षण मुख्यतः कडाच करतो. शंका रास्त आहे. पर्यायांत ‘संरक्षण’ असेल तर तेच घे. नसेल तर तटबंदी. निवड दिलेल्या चारांतूनच करायची असते.

आणखी एक. लेण्याला खडक लागतोच. पण खडक तर सगळ्याच डोंगरांना असतो, म्हणून तू तो सोडून देशील. तसं करू नकोस. वस्तूचं वेगळेपण कशात आहे, हा प्रश्नच नाही. कशावाचून तिचं अडतं, एवढंच विचारलंय. उलट पाथरवटाशिवाय लेणं घडत नाही हे खरं, पण घडून झाल्यावर तो त्यात नसतो. घडवणारा आणि घटक यांत गल्लत करू नकोस.

पुढचा पेपर सोडवशील तेव्हा बाद केलेल्या प्रत्येक पर्यायापुढे त्याचा अपवाद लिही आणि मला पाठव. नुसती बरोबरची खूण मला नको.

तुझा,
काका