उपासना दहाची, आपण किती वाजता?

आजचं शास्त्रवाचन : लेवीय २३:१-४, प्रेषितांची कृत्ये १०:२४-३३, १ करिंथ ११:२०-३३, इब्री १०:२४-२५



आजचा विषय जरा साधाच आहे. रविवारी चर्चमध्ये वेळेवर पोहोचणं. वाचून कुणी म्हणेल, "यात काय मनन करायचं? हे तर पाळकसाहेब दर महिन्याला सूचनांमध्ये सांगतातच!" खरं आहे. पण सूचना ऐकूनही आपल्यात फरक पडत नाही, कारण आपण ही गोष्ट शिस्तीच्या खात्यात टाकतो, विश्वासाच्या खात्यात नाही. म्हणून आज सूचनेच्या ऐवजी वचनाकडे जाऊ या.

देव वेळ नेमतो

लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात देव मोशेला सणांची यादी देतो. यादीत सगळ्यात आधी येतो शब्बाथ, म्हणजे दर आठवड्याचा पवित्र मेळा. तिथे "नेमलेले सण" यासाठी जो इब्री शब्द आहे तो "मोएद". त्याचा अर्थ ठरवलेली वेळ. आता गंमत बघा. रानात इस्राएल लोकांचा जो दर्शनमंडप होता, त्याच्या इब्री नावातही हाच शब्द आहे. म्हणजे ठरलेली वेळ आणि भेट या दोन्ही गोष्टींसाठी एकच शब्द! निर्गम २९ मध्ये रोज सकाळी एक कोकरू आणि संध्याकाळी एक कोकरू अर्पण करायला सांगितलं आहे, आणि त्याच ठिकाणी देव म्हणतो की मी तुम्हांला तिथे भेटेन.

म्हणजे उपासना हा आपण ठेवलेला कार्यक्रम आणि देव त्याचा प्रमुख पाहुणा, असं नाही. बोलावणारा तो आहे. आपण निमंत्रित आहोत.

पहिल्या मंडळीनेही ही सवय सोडली नाही. प्रेषितांची कृत्ये ३:१ मध्ये पेत्र आणि योहान नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या प्रार्थनेच्या वेळेला मंदिरात चालले होते. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा मिळालेली ही माणसं! "आता आम्ही कुठेही, कधीही प्रार्थना करू शकतो" असं ते म्हणाले असते तर चूक नव्हतं. तरी ते ठरलेल्या वेळेला निघाले, आणि वाटेत "सुंदर" नावाच्या दरवाजाजवळ तो पांगळा माणूस त्यांना भेटला. पुढे काय झालं ते तुम्हांला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट. साधारण इ.स. ११२ मध्ये बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांबद्दल विचारणा केली. त्यात तो सांगतो की हे लोक एका ठरलेल्या दिवशी, सूर्य उगवायच्या आधी एकत्र जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. पेत्राने पहिलं पत्र ज्या प्रांतांना लिहिलं त्यातलाच हा बिथुनिया. तेव्हा रविवारची सुट्टी नव्हती. ती सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये जाहीर केली. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं आपले हे बंधू-भगिनी कामावर जायच्या आधी अंधारात उठून येत होते, किंवा दिवसभर राबून संध्याकाळी. आणि पकडले गेलो तर शिक्षा होईल हेही त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे रविवार मोकळा आहे आणि उपासना दहाची आहे!

पहिल्या पंधरा मिनिटांत काय निसटतं?

आपल्यातल्या पुष्कळांचा एक न बोललेला हिशोब असतो : "मेसेज सुरू व्हायच्या आत पोहोचलो की झालं." जणू गाणी, प्रार्थना आणि वाचन म्हणजे सिनेमाच्या आधीच्या जाहिराती.

पण उपासनेचा क्रम आठवा. आधी उपासनेचं आवाहन, मग स्तुती, मग पापकबुली आणि त्यानंतर क्षमेचं आश्वासन. मंडळी वेगळी असेल तर क्रम थोडा वेगळा असेल, पण पुष्कळ ठिकाणी सुरुवात अशीच असते. यात अर्थ आहे. यशया ६ मध्ये संदेष्ट्याने आधी देवाचं पावित्र्य पाहिलं, मग स्वतःची अशुद्धता कबूल केली, मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागला आणि त्याच्या पापाची क्षमा झाली. त्यानंतर त्याने देवाची वाणी ऐकली, "कोणाला पाठवू?" म्हणून. जो रोज तीस मिनिटं उशिरा येतो तो हा सगळा भाग ओलांडून थेट उपदेशाला बसतो. आठवडाभराचं ओझं पाठीवर तसंच असतं. ते खाली ठेवायची जागा मागे गेली. मग "आज मेसेज काही मनाला लागला नाही" असं आपण घरी जाताना म्हणतो.

उपदेशक ५:१ मध्ये सांगितलं आहे की देवाच्या मंदिरात जाताना पाऊल सांभाळ आणि ऐकायला जवळ जा. धावतपळत, पार्किंग शोधत, हेल्मेट हातात घेऊन आत शिरलेल्या माणसाचं शरीर बाकावर बसतं, पण मन यायला आणखी दहा मिनिटं लागतात.

कर्नेल्याचं उदाहरण मला फार आवडतं. पेत्र यापोहून कैसरियाला यायचा होता. दोन दिवसांचा प्रवास, फोन नाही, लाइव्ह लोकेशन नाही. तरी पेत्र पोहोचला तेव्हा कर्नेल्य आपले नातेवाईक आणि जवळचे मित्र जमवून वाट पाहत होता. तो म्हणतो, आम्ही सगळे इथे देवासमोर हजर आहोत, प्रभूने तुम्हांला जे सांगायला दिलं ते ऐकायला. आणि पेत्राचं बोलणं संपायच्या आतच पवित्र आत्मा त्या सर्वांवर उतरला. हजर असणं म्हणजे काय, ते त्या घराकडून शिकावं.

रिकाम्या बाकांवर बसलेला पाहुणा

इब्री १०:२४-२५ हे वचन आपण "चर्चला या" असं सांगायला वापरतो. पण नीट वाचा. एकत्र मिळणं सोडू नका, याच्या आधी लेखक सांगतो की प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन देण्याकडे लक्ष द्या. म्हणजे मी फक्त मला काय मिळेल यासाठी जात नाही. माझं तिथे असणं हेच दुसऱ्यासाठी काहीतरी आहे.

मी काही वर्षं चर्चच्या दारावर स्वागताची सेवा करतो आहे. दारात उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. वेळेवर कोण येतं? आजी-आजोबा येतात, आणि पाहुणे येतात. नवीन माणूस नेहमी वेळेवर येतो, कारण त्याने गूगलवर वेळ बघितलेली असते आणि ती खरी मानलेली असते! एका रविवारी नोकरीसाठी नगरहून नवीन आलेली एक मुलगी पावणेदहालाच पोहोचली. आत सात-आठ वयस्क माणसं आणि माइक लावणारा मुलगा. तिने मला हळूच विचारलं, "दादा, आज उपासना आहे ना?" मी म्हटलं, "आहे, बसा ना." पावणेअकरापर्यंत हॉल भरला, पण तिच्या वयाची सगळी मंडळी मागच्या बाकांवर येऊन बसली आणि आशीर्वाद झाल्याबरोबर बाहेर चहाच्या स्टॉलवर गेली. तिच्याशी बोलायला कुणाला वेळच मिळाला नाही. तिला या शहरात पहिल्यांदा कुणी "कुठून आलीस?" विचारायला हवं होतं, ती वेळ उपासनेच्या आधीची ती पंधरा मिनिटं होती.

तेव्हापासून कुणी मला विचारलं की मी चर्चमध्ये कोणती सेवा करू, तर मी सांगतो : पंधरा मिनिटं आधी ये आणि नवीन माणसाशेजारी बस. याला गाता यावं लागत नाही, गिटार लागत नाही.

पण सगळाच उशीर सारखा नसतो

आता दुसरी बाजूही वचनातूनच बघू, नाहीतर हा विषय आपण एकमेकांना टोचायला वापरू.

करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी गोंधळ होत होता. काही जण आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. अभ्यासक समजतात की मागे राहणाऱ्यांत दास आणि मजूर असावेत, ज्यांचा वेळ त्यांच्या हातात नव्हता. पौल कुणाला रागावतो? उशिरा आलेल्यांना नाही! तो आधी येणाऱ्यांना सांगतो, तुम्ही भोजनाला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा (१ करिंथ ११:३३).

आपल्या मंडळीतही अशी माणसं आहेत. रात्रपाळी संपवून तशीच थेट येणारी नर्स. सकाळची डिलिव्हरी आटपून येणारा मुलगा. विश्वास न ठेवणाऱ्या घरात सगळ्यांचा स्वयंपाक करून मगच निघू शकणारी सून. अशी बहीण वीस मिनिटं उशिरा आली तर घड्याळाकडे बघू नका. सरकून जागा द्या, गीताचा नंबर दाखवा. तिचा उशीर आपल्या वेळेवर येण्यापेक्षा महाग असू शकतो.

फरक ओळखायचा तो स्वतःपुरता : माझा वेळ माझ्या हातात नाही म्हणून मला उशीर होतो, की वेळ हातात असूनही?

कुणी म्हणेल, "द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अकराव्या तासाला आलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळाली ना!" मिळाली. ती कृपा आहे, आणि त्या कृपेवरच आपण सगळे जगतो. पण मत्तय २०:७ वाचा. ते मजूर दिवसभर रिकामे का उभे होते? कारण त्यांना कुणी कामावर लावलं नव्हतं. बोलावणं आल्यावर ते लगेच गेले. आपल्याला तर बोलावणं कधीच आलेलं आहे.

मलाखी १:८ मध्ये देव एक साधा प्रश्न विचारतो. लोक आंधळं-लंगडं जनावर अर्पण करत होते. देव म्हणतो, हेच तुझ्या सुभेदाराला देऊन बघ, तो खूश होईल का? आजच्या भाषेत सांगायचं तर : सोमवारी बायोमेट्रिकवर बोट ठेवायला मी नऊच्या आत पोहोचतो. इंटरव्ह्यूला अर्धा तास आधी जातो. मित्राच्या लग्नाचा मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा असेल तर अक्षता टाकायला हजर असतो. मग "देव समजून घेईल" हे वाक्य फक्त रविवारीच का आठवतं? देव समजून घेतो, हे खरं आहे. पण त्याचं समजून घेणं आपण उरलेलं-सुरलेलं द्यायला वापरायचं का?

रविवार शनिवारी सुरू होतो

इब्री लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शब्बाथही शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. ही सवय आपल्यालाही उपयोगी आहे.

१. शनिवारी रात्री शेवटचा एपिसोड कधी बंद करायचा ते आधी ठरवा. रविवारची अर्धी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

२. कपडे, बायबल, दानाचं पाकीट रात्रीच काढून ठेवा. लहान मुलं असतील तर त्यांचे बूटसुद्धा!

३. मुंबईकरांनो, मेगाब्लॉकची बातमी आदल्या दिवशीच येते. रविवारी लोकल कमी असतात हेही नवीन नाही. एक गाडी आधीची पकडा.

४. "दहाला पोहोचायचं" असं न ठरवता "पावणेदहाला बाकावर बसायचं" असं ठरवा. त्या पंधरा मिनिटांत पाळकांसाठी, वाद्यवृंदासाठी आणि शेजारी बसणाऱ्यासाठी प्रार्थना करा.

५. सगळं करूनही उशीर झाला तर घरी परत जाऊ नका. लाजेने मागे फिरण्यापेक्षा उशिरा आत येणं केव्हाही चांगलं. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थोमा शिष्यांबरोबर नव्हता. पण आठ दिवसांनी तो आला, आणि प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आला.

जो वेळेवर आला

शेवटी एक गोष्ट मनात ठेवा. आपण वेळेवर आलो म्हणून देव आपल्यावर जास्त प्रीती करत नाही. उलट आहे. गलती ४:४ म्हणतं की काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवलं. रोम ५:६ म्हणतं की आपण दुर्बळ असतानाच ख्रिस्त योग्य वेळी आपल्यासाठी मरण पावला. मार्क सांगतो की वधस्तंभावर त्याने नवव्या तासाला मोठ्याने आरोळी मारली. दुपारचे तीन. मंदिरातल्या प्रार्थनेची तीच वेळ, ज्या वेळेला पुढे पेत्र आणि योहान मंदिरात गेले.

देवाने आपल्या भेटीची वेळ चुकवली नाही. हे ज्याला कळलं, त्याला दहाची उपासना ओझं वाटणार नाही.

विचार करा
- या महिन्यात मला जेव्हा उशीर झाला, तेव्हा वेळ माझ्या हातात होती का?
- येत्या रविवारी मी कोणाच्या शेजारी जाऊन बसू?

प्रार्थना
हे प्रेमळ पित्या, तू आम्हांला भेटायला बोलावतोस, यासाठी तुझे आभार मानतो. आमच्या शनिवारच्या रात्री आणि रविवारच्या सकाळी तुझ्या हाती देतो. जे कामामुळे, आजारामुळे किंवा घरच्या विरोधामुळे वेळेवर येऊ शकत नाहीत, त्यांना बळ दे, आणि त्यांची वाट पाहणारं प्रेमळ मन आम्हांला दे. तुझ्या घरी आनंदाने आणि वेळेवर येण्यास आम्हांला साहाय्य कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.