मुक्कामाचा भाव आणि मुक्कामाचा पडता: भंडारदऱ्याच्या सहलीतून व्यापाऱ्यांसाठी एक धडा

कपड्याच्या धंद्यात नवखा माणूस मालाचा भाव विचारतो आणि जुना माणूस पडता विचारतो. गिरणीच्या दारात तागा कितीला मिळाला याला अर्थ नाही. भाडे, हमाली, कर आणि घट धरून तो दुकानात कितीला पडला हे महत्त्वाचे. हाच हिशेब आम्ही गल्ल्यावर रोज करतो, पण घराबाहेर मुक्काम शोधताना विसरतो. आम्हीही एकदा विसरलो, म्हणून हा लेख.

खोपटमधील आमच्या दुकानात शिवणकाम करणारे पाच कारागीर आहेत. वर्षभर ते दरमहा थोडी रक्कम आमच्याकडे जमा करीत आणि उन्हाळा संपता संपता आम्ही सर्वजण दोन दिवस बाहेर जात असू. हा पैसा त्यांची अमानत होती. एका वर्षी भंडारदऱ्याला जाण्याचे ठरले. आम्ही कोणाला काही न विचारता शनिवारी निघालो. मे अखेरीचे, काजवे पाहण्याचे दिवस होते. एकही खोली मोकळी नव्हती. रात्र टेम्पोत काढली आणि रविवारी दुपारीच परत आलो. कारागीर काही बोलले नाहीत, पण वर्षभराची त्यांची बचत आमच्या आळसापायी वाया गेली, ही बोच राहिली.

भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आहे. प्रवरा नदीवरील धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती सह्याद्रीचे डोंगर आहेत. जवळच महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर (१६४६ मीटर) असून त्याच्या पायथ्याशी बारी हे गाव आहे. शेंडी हे धरणाजवळचे बाजाराचे गाव. जलाशयाच्या वरच्या टोकाला रतनवाडी आणि पलीकडे साम्रद. ठाण्याहून लोकलने कसारा, तेथून जीपने घोटी आणि पुढे शेंडी, असा स्वस्त मार्ग आहे.

आता पडता काढू. समजा, सहा जणांना एक रात्र राहायचे आहे. खालील आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्यक्ष भाव विचारून घ्यावेत.

पहिला प्रकार: तलावाकाठी २,५०० रुपयांच्या दोन खोल्या, म्हणजे ५,०००. जेवणखाण माणशी ६०० प्रमाणे ३,६००. आसपास फिरण्यासाठी जीप १,०००. एकूण ९,६००.

दुसरा प्रकार: घोटीसारख्या मोठ्या गावात १,२०० रुपयांच्या दोन खोल्या, म्हणजे २,४००. जेवण माणशी ४०० प्रमाणे २,४००. तेथून तलावापर्यंत जाऊन येण्यासाठी व फिरण्यासाठी जीप ३,०००. एकूण ७,८००.

तिसरा प्रकार: खेड्यातील घरी मुक्काम, दोन वेळचे जेवण व न्याहारीसह माणशी ९००, म्हणजे ५,४००. फिरण्याची जीप १,०००. एकूण ६,४००.

दुसऱ्या प्रकारात खोली सर्वांत स्वस्त दिसते, पण पडता तिसऱ्याचा कमी. खोलीचा भाव पाहणारा येथेच फसतो. मात्र सहा जणांऐवजी दोघेच असतील, किंवा स्वतःची गाडी असेल, तर हिशेब बदलतो. म्हणून सूत्र पाठ न करता प्रत्येक वेळी बेरीज करावी.

भाव ठरविताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, दिवस. काजव्यांचे दिवस आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवार टाळावेत. दुकानाची साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असेल तर ती आपली जमेची बाजू आहे.

दोन, बोली. माणशी भावात चहा, न्याहारी, गरम पाणी व अंथरूण धरले आहे काय, संडास घरात आहे की बाहेर, हे फोनवरच विचारावे. आगाऊ रक्कम दिली तर ती लिहून घ्यावी.

तीन, कर. नोंदणी असलेल्या हॉटेलात रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे; पूर्वी तो १२ टक्के होता. नोंदणी नसलेल्या घरमालकाला हा कर आकारता येत नाही. सांगितलेला भाव करासहित की कराविना, हे विचारावे.

चार, किरकोळ खर्च. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथील प्रवेश शुल्क वेगळे धरावे. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण फोनला सर्वत्र रेंज मिळेलच असे नाही.

पाच, जेवण. भाकरी, पिठले, डाळ-भात हे जेवण उत्तम असते व कोणतीही अडचण येत नाही. कोंबडी हवी असल्यास ती आम्ही जबह करून देऊ, असे घरमालकाला आधीच नम्रपणे सांगावे. चुलीवर ताट तयार झाल्यावर चौकशी करणे हा त्या घराचा अपमान होतो.

शेवटी एक गोष्ट. खेड्यातील घरमालक बहुधा शेतकरी असतो. त्याच्याशी घासाघीस करून माणशी पन्नास रुपये तोडले, तर तो भाजीत पाणी वाढवील किंवा पुढच्या वेळी जागा देणार नाही. गिऱ्हाईकाने आपल्या दुकानात असे केले तर आपल्याला काय वाटते, ते आठवावे. दुसऱ्या वर्षी आम्ही महिनाभर आधी विचारून, मधल्या वारी गेलो. त्याच्या घरी दोन रात्री राहिलो, सांगितलेला भाव दिला आणि परत आल्यावर उरलेली रक्कम कारागिरांपुढे मोजून वाटली. रक्कम फार नव्हती, पण पुढच्या महिन्याची वर्गणी सर्वांनी न मागता आणून दिली.